मारामारी किती पानं, घर किती पानं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही लिहिता, मित्र चित्रं काढतो, दर दोन महिन्यांनी 24 पानांचा कॉमिकचा अंक निघतो. नायिका शर्वरी डोंबिवलीत राहते, मुंबईत नोकरी करते. आजूबाजूचा आवाज ती शोषून घेते आणि एका झटक्यात बाहेर फेकते. घरी आईचं डायलिसिस, भावाचं जमत आलेलं लग्न, ऑफिसात खडूस साहेब. समोर ‘हादरा’ नावाचा खलनायक, जो जुन्या इमारतींना कंप देतो. तीन अंक झाले. काही वाचक म्हणतात, घरचं आलं की टीव्हीवरची मालिका लागल्यासारखं वाटतं. काही म्हणतात, मारामारीची पानं आम्ही नुसती उलटतो. मित्राचा तोडगा: 12 पानं हाणामारी, 12 पानं घर, लेखी करार करून टाकू. तुम्ही विचारताय, बरोबर प्रमाण काय.

आकडा हवाच असेल तर देतो. माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या जमलेल्या अंकांत 24 पैकी नऊ-दहा पानं मारामारीची निघतात. पण ती अंक संपल्यावर मोजलेली आहेत, आधी ठरवलेली नाहीत. 12-12चा करार केलात तर तुमचं दोघांचं भांडण मिटेल, अंक आहे तिथेच राहील. कारण तुमचे दोन्ही प्रकारचे वाचक मला तरी एकच तक्रार करताना दिसतायत: एका मुखपृष्ठाखाली दोन कॉमिक पिना मारून जोडली आहेत. ज्याला पहिलं आवडतं त्याला दुसरं अडचण वाटतं, एवढंच.

एक परीक्षा करून बघा. तिसऱ्या अंकातली घरची सगळी पानं बाजूला काढा आणि उरलेली पानं, तुमचं कॉमिक कधीच न वाचलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. त्याला मारामारी पूर्ण समजली, कुठे काही अडलं नाही, तर घर तिथे नुसतं बसून खात होतं. मग उलट करा, मारामारी काढा. आईचं, भावाचं, साहेबाचं सगळं जसंच्या तसं चालू राहिलं तर मारामारीही तशीच. तुम्ही पाठवलेल्या सारांशावरून मला वाटतं, दोन्ही बाजूंनी हेच होईल.

हे मला ज्या अंकाने शिकवलं त्याची अजून लाज वाटते. सुरुवातीला एका मुलांच्या मासिकात मी आठ पानी मालिका लिहायचो. नायक दिवसा कॉलेजात, रात्री छपरांवर. वडिलांची गिरणी बंद पडलेली. दर अंकात दोन पानं वडील खिडकीत बसून बाहेर बघायचे, मग सहा पानं धुमश्चक्री. आपण केवढं वास्तववादी लिहितोय, असा माझा समज. एकदा जाहिरात आली म्हणून संपादकांनी वडिलांची दोन्ही पानं काढून अंक छापला. मी तावातावाने भांडायला गेलो. त्यांनी शांतपणे पत्रांचा गठ्ठा पुढे केला. शंभरेक पत्रं असतील, आणि बाबा कुठे गेले असं एकाही मुलाने विचारलं नव्हतं. त्या दिवशी संपादकांचा राग आला होता. आज वाटतं, मुलांनी माझं परीक्षण फार नेमकं केलं.

आता हे जमतं कसं, ते बघू. उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलंच घेतो, कारण या प्रकाराचा साचा तिथे पडला: लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा स्पायडर-मॅन, 1962 ते 1966. चित्रपट क्षणभर विसरा, मूळ अंक डोळ्यासमोर आणा. ऑगस्ट 1962च्या अंकातली पहिली गोष्ट फक्त 11 पानांची आहे आणि तिच्यात महाखलनायक नाहीच. एक भुरटा चोर आहे. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा मुलगा, त्याला ‘मला काय त्याचं’ म्हणून जाऊ देतो आणि पुढे तोच चोर पीटरच्या काकांना मारतो. जगाला वाचवणं वगैरे भानगड नाही. बाहेर केलेल्या एका कसुरीचं बिल घरी येतं.

पुढचा अंक मार्च 1963चा, त्याच्या स्वतःच्या मालिकेतला पहिला. काका गेले, भाडं थकलंय, काकू दागिने गहाण टाकतात. पीटर स्पायडर-मॅन बनून खेळ करतो, मोबदल्याचा चेक मिळतो आणि बँकेत तो वटत नाही, कारण चेक ‘स्पायडर-मॅन’च्या नावे आहे आणि त्या नावाचं ओळखपत्र कुणाकडे असणार! मला तो प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त आवडतो. मुखवट्याची अडचण पैशाच्या खिडकीवर येऊन उभी राहते, तीही दोन-तीन चौकटींत. मग दुसऱ्या अंकात या मालिकेची कायमची बिजागरी बसते. पीटर स्वतःच्याच लढायांचे फोटो काढून नियतकालिकाला विकायला लागतो. म्हणजे मारामारी झाली नाही तर घरी पैसे नाहीत. आणि ते फोटो विकत घेणारा मालक, जेमसन, त्याच पानावर स्पायडर-मॅनची बदनामी छापतो. पगार आणि शिव्या एकाच माणसाकडून. अशी एक बिजागरी सापडली की घराला आणि लढाईला जोडण्यासाठी दर अंकात नवा खिळा ठोकावा लागत नाही.

तुमच्याकडे साहेब आहे, पण तो नुसता खडूस आहे. रजा देत नाही, ओरडतो. असा साहेब कुणाच्याही गोष्टीत चालतो, म्हणून तो कुणाचाच नाही. शर्वरी नोकरी कुठे करते हे तुम्ही तीन अंकांत सांगितलेलं नाही. ती इमारतींच्या संरचना तपासणीचे अहवाल टाइप करणाऱ्या कार्यालयात असेल तर? हादऱ्याने खिळखिळ्या केलेल्या इमारतींचे कागद सकाळी तिच्याच टेबलावर येतील. साहेब तेव्हाही खडूसच असू दे, पण मग त्याच्या खडूसपणाला काम मिळेल.

मी लिहिताना एकच गोष्ट धरून चालतो: घर आणि लढाई यांचा खर्च एकाच खिशातून झाला पाहिजे. खिशात काय असतं? वेळ असतो, पैसा असतो, अंगातली ताकद असते आणि आपल्या माणसांचा आपल्यावरचा विश्वास असतो, जो प्रत्येक थापेबरोबर थोडा कमी होतो. लढाईत जे खर्च झालं ते घरी कमी पडलं पाहिजे, आणि घरी जे दिलं ते लढाईत. स्पायडर-मॅनचा नववा अंक घ्या. काकूंच्या शस्त्रक्रियेसाठी 1000 डॉलर हवेत. जेमसनच्या डोक्यात आहे की इलेक्ट्रो नावाचा दरोडेखोर म्हणजेच स्पायडर-मॅन. पीटर काय करतो, तसे खोटे फोटो बनवून त्याला विकतो! स्वतःचीच अब्रू विकून तो काकूंची फी भरतो. इथे हे घरचं पान आणि हे मारामारीचं, अशी रेघ तुम्हाला मारता येईल का? मला आजवर आलेली नाही.

अंगातल्या ताकदीचं उदाहरण बाराव्या अंकात आहे. पीटरला ताप भरलाय, शक्ती गेल्यात, आणि खलनायक डॉक्टर ऑक्टोपस सगळ्यांसमोर त्याचा मुखवटा ओढून काढतो. कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण इतका मरतुकडा पोरगा स्पायडर-मॅन कसा असेल! आपल्याकडे कुठल्याही घरात जे घरभर फिरतं ते साधं आजारपण. पण पडलंय कुठे, ते बघा.

सतराव्या अंकात तो ऐन लढाईतून पळून जातो, कारण काकूंना हृदयविकाराचा झटका आल्याचं त्याच्या कानावर येतं. बघणाऱ्यांना त्यातलं काही माहीत नाही, त्यांच्या लेखी तो पळपुटा. आणि अठरावा, नोव्हेंबर 1964चा अंक म्हणजे धाडसच. जवळजवळ अख्खा अंक नायक लढाई टाळतो. सँडमॅन समोर आल्यावर चक्क धूम ठोकतो, कारण मला काही झालं तर काकूंकडे कोण बघणार. मध्येच जाळ्याचा चिकट द्राव एका कंपनीला विकायला जातो. कंपनी म्हणते, तासाभरात विरघळणारा गोंद आम्ही काय करू. त्या अंकात मारामारी किती पानं, असा हिशेब मांडला तर तुमच्या मित्राला घेरी येईल. पण तो अंक वाचताना मालिका लागल्यासारखं वाटत नाही. आधीच्या 17 अंकांनी लढाईची सवय लावलेली आहे, आता न लढण्यातच ताण आहे.

आता तुमच्याकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मला अजून सोडत नाहीये. शर्वरीच्या ताकदीबद्दल तुम्ही कंसात लिहिलंय: ‘आवाज फेकल्यावर तिला तासभर काही ऐकू येत नाही, पण हे आम्ही फारसं वापरलेलं नाही.’ अहो, हे तुम्ही कंसात टाकलंत! तुमची गोष्ट तिथेच आहे. लढून घरी आलेली मुलगी बहिरी आहे, आणि घरात एक आई आहे जी आतल्या खोलीतून हाक मारते. डायलिसिसहून आलेल्या माणसाचा रक्तदाब अनेकदा खाली जातो, चक्कर येते, उठवत नाही. आईने हाक मारली. शर्वरी स्वयंपाकघरात पाठमोरी, भांडी घासतेय. चित्रकाराला सांगा, आईच्या तोंडाशी संवादाचा फुगा काढ आणि तो रिकामा ठेव. कारण आपण शर्वरीच्या कानाने ऐकतोय. एक चौकट. या चौकटीनंतर पुढच्या अंकात शर्वरी आवाज फेकायला हात उचलेल तेव्हा वाचकच मनात म्हणेल, थांब, आज मंगळवार आहे ना?

मंगळवार, कारण डायलिसिसला वार ठरलेले असतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास, आणि नेमून दिलेली वेळ. ती चुकली तर लगेच दुसरी मिळेलच असं नाही. लेखकाला असं घड्याळ आयतं मिळायला भाग्य लागतं! तुमच्या तीन अंकांत मात्र आई डायलिसिसला ‘जाते’ आणि ‘येते’, मधले चार तास कुणीच मोजत नाही. शर्वरी आईला सकाळी मशीनला लावून बाहेर पडली तर तिच्याकडे बरोबर चार तास आहेत. डोंबिवलीहून जलद लोकलने सीएसएमटी गाठायला साधारण सव्वा तास, परतायला तेवढाच. उरला दीड तास, त्यात रविवार असेल तर मेगाब्लॉक. लढाईच्या पानांवर कोपऱ्यात फक्त वेळ लिहीत जा. बाकी काही सांगायची गरज पडणार नाही.

शिवाय रडण्याची पानं कमी होतील. दुसऱ्या अंकात आई आणि मुलगी पूर्ण पानभर रडतात, ते मला ओढूनताणून वाटलं. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं. आई दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवते आणि संध्याकाळी बाटलीत दोन बोटं उरलंय, एवढं दाखवा. उन्हातून तडफडत आलेली शर्वरी चुकून तीच बाटली तोंडाला लावते. झालं. त्या घरात काय चाललंय ते वाचकाला कळलं, आणि मारामारीत तिला तहान लागली होती म्हणून कळलं.

आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आलीय की नाही कुणास ठाऊक. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवती किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. प्रत्यक्षात तिथे किती शांतता असते हा वेगळा विषय, आपण सगळे कर्ण्यांच्या देशात राहतो. पण तुमच्या गोष्टीपुरतं बघा: आवाज हे शर्वरीचं इंधन. म्हणजे आईच्या दवाखान्यापाशी तिच्याकडे सगळ्यात कमी ताकद. जिथे तिचा जीव अडकलाय तिथेच ती रिकामी. उलट विसर्जन मिरवणुकीत, डीजेच्या भिंतीसमोर, ती नको तितकी भरून जाते. हा नकाशा एकदा वहीत काढून ठेवा, चार-पाच अंकांचं सामान त्यातच आहे.

भावाच्या लग्नाचंही तसंच. सध्या लग्न म्हणजे ‘शर्वरीला वेळेवर पोचता आलं नाही आणि सगळे रागावले’. हे इतक्यांदा झालंय की वाचक आधीच जांभई देतो. तिला वेळेवर पोचवा. करवली म्हणून भावाच्या मागे उभी आहे, हातात करा, पण तासाभरापूर्वीच लढून आलीय. मंगलाष्टकं सुरू आहेत आणि तिला एक अक्षर ऐकू येत नाही. अक्षता कधी टाकायच्या ते ती लोकांच्या हातांकडे बघून ठरवतेय. पोचूनही न पोचलेली. हे पान विनोदीही होईल आणि काळजाला हातही घालेल, आणि कुणाला रागवावं लागणार नाही.

खलनायकाबद्दल बोलायचं राहिलं. हादरा जुन्या इमारती हलवतो, लोक घाबरून घरं सोडतात. ठीक. पण शर्वरीच्या घराशी त्याचा संबंध काय? तुम्ही पाचव्या अंकात त्याच्याकरवी आईचं अपहरण करवणार आहात असं दिसतं. माझं ऐकाल तर करू नका. घर आणि लढाई जोडण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि एकदा वापरला की खलनायक अंकागणिक कुणाला ना कुणाला पळवत सुटतो. (ली आणि डिटकोंनीही 1964च्या वार्षिकात मे काकूंना पळवून नेलंय. पण तिथे काकूंना डॉक्टर ऑक्टोपस भलताच सभ्य गृहस्थ वाटतो, त्यामुळे तो प्रसंग तरतो. पळवायचंच असेल तर निदान एवढं तरी करा.)

मला जास्त पटणारा रस्ता 31 ते 33 या अंकांत आहे, डिसेंबर 1965 ते फेब्रुवारी 1966. काकू मरणाच्या दारात, औषध एकच, आणि नेमकं तेच डॉक्टर ऑक्टोपसची माणसं पळवतात. त्याला ते स्वतःच्या संशोधनासाठी हवंय, काकूंसाठी ते चाललं होतं हे त्याच्या गावीही नाही. वैर नाही, सूड नाही, दोघांना एकच वस्तू हवी आहे. म्हणून 33व्या अंकात पीटर अवजड यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळतंय, औषध डोळ्यांसमोर पण हात पुरत नाही, आणि ती काही पानं आजही लोक एकमेकांना दाखवतात. वजन उचलणं यात काही विशेष नाही, तो रोजच काहीतरी उचलतो. त्या लोखंडाखाली घर आहे, हे वाचकाला ठाऊक आहे. शिवाय काकू आजारी का पडल्या? दहाव्या अंकात पीटरने त्यांना स्वतःचं रक्त दिलं होतं, त्यातलाच किरणोत्सार बाधला. दहाव्या अंकातलं सत्कृत्य जवळजवळ दोन वर्षांनी उलटतं. तेव्हा ते लिहिताना त्यांच्या मनात हे होतं की नाही, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. धागा पडलेला होता, तो उचलला.

तर हादऱ्याला काय हवंय, जे शर्वरीच्या घरातल्या कुणालाही हवंय? मला तुमच्या भावात शक्यता दिसते. लग्न करायचंय, राहायला जागा नाही. त्यांची इमारत जुनी. हादऱ्यामुळे तिला अतिधोकादायक ठरल्याची नोटीस आली, तर पुनर्विकास होईल, मोठं घर मिळेल, लग्न मार्गी लागेल. म्हणजे खलनायक जिंकला तर भावाचं भलं. शर्वरीने इमारत वाचवली तर भाऊ जेवताना म्हणणार, ‘पडली असती तर बरं झालं असतं.’ आणि तिने गप्प बसून पोळी मोडायची. हे जेवणाचं पान तुम्ही लढाईनंतर लगेच ठेवलंत, तर कोणीही ते उलटून टाकणार नाही याची खात्री देतो.

मात्र इथेच एक ब्रेकही लावा. सगळेच धागे घरात आणून बांधायचा मोह होतो. हादरा भावाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा पाहुणा, साहेब त्याचा भागीदार, डायलिसिसचे डॉक्टर त्याचे जुने मित्र... मग मुंबईसारखं शहर एका वाड्याएवढं होऊन बसतं. ग्रीन गॉब्लिन हा पीटरच्या मित्राचाच बाप निघाला, ते चाललं, कारण तो मुखवटा उतरायला 39वा अंक उजाडला होता. आधीचे बहुतेक खलनायक पीटरच्या घराच्या आसपासही फिरकले नव्हते. माझ्यापुरता नियम सांगायचा तर योगायोगाने नायक अडचणीत येत असेल तर एक माफ, सुटत असेल तर एकही नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर माझं सगळं बोलणं वेदवाक्य समजाल. पहिलं, तुमचा अंक दोन महिन्यांनी येतो. स्पायडर-मॅनचेही सुरुवातीचे अंक दोन महिन्यांनीच यायचे, मासिक नंतर झालं. एवढ्या अंतराने वाचक घरची गुंतागुंत विसरतो, हादरा मात्र लक्षात राहतो. म्हणून घरचा धागा एका अंकात एकच ठळक ठेवा. साहेब, भाऊ आणि आई तिघेही दर अंकात हजेरी लावायला येतायत, त्यामुळेच मालिकेचा वास येतो. एका अंकात भावाला मोबाइलवरचा मिस्ड कॉल म्हणून ठेवा, पुरे. हेच जर तुम्ही आठवड्याला दोन पानं अशी मोबाइलवर देत असता, तर मी नेमकं उलट सांगितलं असतं.

दुसरं, पानात चौकटी किती. डिटको एका पानात आठ-नऊ चौकटी सहज बसवत, त्यामुळे 20-22 पानांत शाळा-कॉलेज, कचेरी, काकू, खलनायक सगळे मावत. तुमचा मित्र पानाला चार-पाच चौकटी काढतो, आणि मारामारीत तर पानभर एकच चित्र. त्याचा हात त्यात चांगला आहे, त्याला थांबवू नका. पण मग तुमच्या 24 पानांत त्यांच्या निम्मंच सामान मावेल, हे धरून लिहा. पानं मोजण्यापेक्षा चौकटी मोजा. तुमच्या तिसऱ्या अंकात मारामारीची 15 पानं म्हणजे अवघ्या 38 चौकटी, आणि घराची नऊ पानं म्हणजे 45! तुम्ही दोघे ज्यावरून भांडताय तो तराजूच वाकडा आहे.

तिसरं, तुम्ही काम कसं वाटून घेता. ली आधी कथेचा सांगाडा द्यायचे, डिटको पानं काढायचे, मग ली संवाद भरायचे. पुढे पुढे कथानक मुख्यतः डिटकोच रचू लागले आणि अंकावर तसं श्रेयही आलं. तुम्ही चौकटीगणिक स्क्रिप्ट लिहून देता, आणि मित्र मारामारीच्या जागी स्वतःच्या मनाने पानं वाढवतो. त्याला एकदा घरचा प्रसंग संवादांशिवाय काढायला द्या: ‘आई हाक मारते, हिला ऐकू येत नाही, दोन पानं, फुगे मी नंतर भरतो.’ मला वाटतं, घरातही काढण्यासारखं काही असतं हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. आपण लेखक लोक घर म्हणजे सोफ्यावर बसलेली दोन माणसं आणि वर ढीगभर फुगे, असं लिहून पाठवतो. मग तो बिचारा कंटाळणारच.

थोडं आनंदाचं बघा. तुमच्या घरात तीन अंकांत कुणी हसलेलं नाही. आजारी माणसाच्या घरातही पत्ते खेळले जातात, शेजारणीची नक्कल होते, क्रिकेट बघताना आरडाओरडा होतो. शर्वरी ज्याच्यासाठी लढते त्या घरात राहावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर वाचक म्हणेल, पळून जा की गं.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलेलं: आईला खरं कधी कळावं? इथे मात्र अमेरिकन साचा आपल्या उपयोगाचा नाही. पीटरला स्वतःची खोली आहे, खिडकी आहे, दार लावून घेता येतं. डोंबिवलीत वन-बीएचकेमध्ये तिघं राहतात, तिथे रात्री दोनला मुलगी बाहेर कशी पडते, हा प्रश्न तुम्ही तीन अंक टाळलात. 2004 साली मुंबईतला भारतीय स्पायडर-मॅन आला होता, चार अंकांचा. पोशाखाला धोतर आलं, काका-काकूंना देशी नावं आली. पोशाख देशी करणं सोपं असतं, घराचा नकाशा देशी करणं अवघड. आपल्याकडे ‘कुठे निघालीस?’ हा पहिला अडथळा, हादरा त्याच्यानंतर. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, गुपित कुणी फोडावं लागत नाही. ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलायचं नसतं.

म्हणून माझं मत असं की आईला पहिल्या अंकापासून माहीत आहे. तुम्ही ते कुणाला सांगू नका, शर्वरीलाही नाही. फक्त मागे जाऊन बघा, पहिल्या अंकाच्या सहाव्या पानावर ती रात्री बाहेर पडते तेव्हा मित्राने दाराची कडी आधीच काढलेली दाखवलीय. चुकून झालं असेल. पण चौथ्या अंकात आई झोपण्याआधी उठून, भिंतीला धरून दारापर्यंत जाते आणि कडी काढून परत येते, अशी फुगे नसलेली तीन चौकटींची एक ओळ टाका. पहिला अंक ज्याने जपून ठेवला असेल तो तो काढून बघेल.